गणवेश मिळाला, प्रयोगशाळेचं काय?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात आमच्या शाळेतील विज्ञान शिक्षक व एन.सी.सी. अधिकारी यांनी केलेले भाषण)



शाळेत मी विज्ञान शिकवतो आणि एन.सी.सी.चा ट्रूपही पाहतो. त्यासाठीचं प्रशिक्षण मी कामठीला घेतलं. मघाशी एका काकांनी विचारलं, "मुलांना खाकी मिळाली, बूट मिळाले, कॅम्प मिळतो; आता सरकारकडे आणखी काय मागायचं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायलाच मी उभा आहे.

एन.सी.सी. 1948 च्या कायद्याने सुरू झाली. आपल्याला तिची कवायत दिसते, 26 जानेवारीचं संचलन दिसतं. पण तिच्या अभ्यासक्रमात नकाशावाचनही आहे, आणि आमच्या सातपुड्यातली मुलं तिथेच सगळ्यात जास्त रमतात. वर्गात कोनमापक हातात दिला की ज्यांचे चेहरे पडतात, तीच मुलं मैदानावर होकायंत्र धरून दिशेचा कोन अचूक सांगतात. परतीचा कोन काढताना 180 मिळवायचे की वजा करायचे, यावर आपसात भांडतात. मला ते भांडण फार आवडतं.

एकदा मी तोरणमाळकडच्या डोंगराचा नकाशा पसरला. 1:50,000 चा, म्हणजे कागदावर 2 सेंटिमीटर तर जमिनीवर 1 किलोमीटर. समोच्च रेषा 20-20 मीटरच्या अंतराने. त्या जिथे दाटल्या होत्या तिथे आठवीतल्या एका पावरा मुलीने बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, इथून मोळी घेऊन उतरता येणार नाही." चढ म्हणजे काय हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. कागदावरची रेघ आणि पायाखालचा डोंगर तिने स्वतः जोडला.

पुढचे प्रश्न मात्र मला अडवतात. मोबाइलला आपली जागा कशी कळते? ड्रोन हवेत स्थिर कसा राहतो? तोंडी सांगतो, फळ्यावर काढतो. हातात द्यायला सेन्सर नाही, मोटार नाही, साधा मल्टिमीटर एकच आहे. एन.सी.सी.चा पैसा गणवेश, शिबिरं आणि कवायतीसाठी. त्यात इलेक्ट्रॉनिक्सची खोली बसत नाही. (ज्यांना ट्रूपच मिळालेला नाही अशा शाळांनी स्वखर्चाने तो घेण्याची योजना आहे, पण डोंगरातल्या शाळेला ते कुठून परवडणार?)

त्या खोलीचा पैसा दुसऱ्या दारी आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने 2016 पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब काढल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. एका शाळेला 20 लाख रुपये: 10 लाख उभारणीला आणि 10 लाख चालवायला, पाच वर्षांपर्यंत. दुसऱ्या 10 लाखांचा हिशेब महिन्याला साधारण साडेसोळा हजार होतो. दुरुस्ती, सुटे भाग आणि शिकवणाऱ्या माणसाचं मानधन हे सगळं त्यात कसं बसवायचं, ते ज्यांनी शाळा चालवली आहे त्यांनाच विचारा.

आजवर या योजनेत खासगी संस्थांच्या शाळांनाही अर्ज करता येत होता. 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत 50,000 नव्या लॅबची घोषणा झाली, आनंदच आहे. पण त्या घोषणेतले शब्द 'सरकारी शाळा' असे आहेत. आपली शाळा अनुदानित. शिक्षकांचा पगार सरकार देतं, शाळा मात्र संस्थेची. आपली मुलं त्याच पाड्यांवरची, शेजारच्या आश्रमशाळेतल्या मुलांची सख्खी भावंडं. तेव्हा आदिवासी भागातल्या अनुदानित शाळांनाही यात धरा, असं निवेदन जिल्ह्यातल्या सगळ्या संस्थांनी मिळून खासदार-आमदारांकडे द्यावं. एकट्याच्या पत्राला पोच मिळते, उत्तर मिळत नाही.

त्याची वाट पाहत बसायचं मात्र नाही. माझं मत विचाराल तर थ्री-डी प्रिंटर आधी घेऊच नये. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दोन-दोन दिवस नसते. तो झाकूनच ठेवावा लागेल. आधी दहा होकायंत्रं, दहा मल्टिमीटर, सोल्डरिंगचं सामान, थोडे आर्डुइनो बोर्ड आणि सौर बॅटरी. एवढ्यावर ट्रूपची 50 मुलं वर्षभर काम करतील, आणि उद्या अर्ज करताना चालू काम दाखवता येईल.

राहिली जागा. या लॅबसाठी सपाटीवर 1,500 चौरस फूट लागतात, डोंगरी भागात 1,000. आपली शाळा पायथ्याशी, त्यामुळे मोठा आकडाच धरून चालू. जुनं भोजनगृह मी मोजलं: 48 बाय 31, म्हणजे 1,488. बारा फूट कमी! धान्याच्या कोठाराची भिंत काढली तर जागा पुरून उरते. मिस्त्रीचा अंदाज आणि सामानाची यादी दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. चहा घेताना नजर टाका, आणि कोणाला मल्टिमीटर स्वस्तात मिळत असेल तर मला गाठा.