मैनेची ताटातूट, मुलखाची ताटातूट



वाळवा तालुक्याच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. कृष्णाकाठचा हा मुलूख उसासाठी आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारासाठी साऱ्यांना माहीत आहे. ‘कविता आणि समाजपरिवर्तन’ हा या संमेलनाचा विषय ठरला, तेव्हा मला मात्र इथले दोन शाहीर आठवले. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. दोघांनीही मुंबईवर लावणी रचली. बापूरावांची मुंबई डोळे दिपवणारी, रंगेल. अण्णा भाऊंनी तोच बाज उचलला, मलबार हिलची इंद्रपुरी दाखवली आणि ऐकणाऱ्याला तिथून थेट परळात, रात्रंदिवस राबणाऱ्यांच्या वस्तीत आणून उभे केले.

अण्णा भाऊंची ही हातोटी नीट पाहण्यासारखी आहे. 1944 साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पुढचा श्रोता गिरणीतला. त्याच्यापुढे नवी, अनोळखी प्रतिमा ठेवून भागणार नव्हते. तमाशाच्या आरंभी गणात गणपतीला वंदन करायचे, ही रीत. अण्णा भाऊंनी गण ठेवला. वंदन केले मायभूमीला आणि शिवछत्रपतींना. साचा तोच, मान मात्र दुसरीकडे झुकली.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घ्या. आरंभी ती निव्वळ शृंगाराची वाटते. मैनेचे रूप, तिचा बांधा, निरोप घेतानाची तिची घालमेल, दागिने आणायचे दिलेले वचन. डफावर थाप पडते, लोक डोलू लागतात. मग शाहीर मुंबईत येतो, पोटासाठी वणवण करतो आणि एका वळणावर म्हणतो, हीच गत या खंडित महाराष्ट्राची झाली. बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव ही नावे येतात. समोर बसलेल्या कामगाराची बायको खरोखरच गावाकडे असते. एका खोलीत दहा-पंधरा जणांत तो पथारी टाकत असतो. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल त्याने वाचलेला नसतो, पण ताटातूट म्हणजे काय हे त्याला कोणी सांगायला नको. सीमाप्रश्न त्याच्या घरचा होतो, तो तिथे.

2 मार्च 1958 रोजी मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करतानाही त्यांनी हेच केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे, हे प्रत्येकाने आजीच्या मांडीवर ऐकलेले. अण्णा भाऊंनी ती पृथ्वी शेषाच्या डोक्यावरून उचलली आणि दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर ठेवली. कथा मोडली नाही. भार कोण वाहतो, एवढेच बदलले. ऐकणाऱ्याची नजर आपोआप स्वतःच्या हाताकडे गेली असेल.

तरीही कवितेने संयुक्त महाराष्ट्र आणला, असे म्हटले तर त्या लढ्यात गोळ्या झेललेल्या हुतात्म्यांवर अन्याय होईल. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला. बेळगाव-कारवार बाहेरच राहिले. कवितेचे काम वेगळे होते. मोर्चात जो उद्या चालणार, त्याला आपण का चालतो आहोत हे तिने आदल्या रात्री सांगितले.

म्हणून यजमान या नात्याने आपल्यापुढे एक आग्रह धरतो. आज आमच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, शिकलेली पोरे नोकरीसाठी पुण्याची वाट धरतात, गावात म्हातारी माणसे मागे राहतात. त्यांच्यावर कविता भरपूर लिहिल्या जातात. त्यांच्या ओठांवर असलेल्या ओव्या, भारुडे, रीलवरची गाणी यांना हात घालून लिहिलेल्या किती? परिसंवादात यावर खडाजंगी व्हावी आणि रात्रीच्या कविसंमेलनात निदान दोन-चार कविता अशा याव्यात की मांडवाच्या मागे भांडी घासणाऱ्या आमच्या भगिनी हात थांबवून ऐकतील.

राहण्या-जेवण्यात काही उणे भासले, तर हक्काने सांगा. आमचे कार्यकर्ते हाकेच्या अंतरावर आहेत.  आपले पुनश्च स्वागत करतो आणि संमेलनाध्यक्षांच्या विचारांसाठी व्यासपीठ मोकळे करतो.