गिधाडांचा मारेकरी कोण?

गिधाडे शिकाऱ्याच्या गोळीने संपली नाहीत. आजारी गुरांना वेदनाशामक म्हणून टोचलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

२००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोहोचतच राहिल्या. त्या ३ मिलिलिटरपुरत्या मर्यादित करण्यास २०१५ उजाडले. आणि गिधाडांना निर्धोक असे मेलॉक्सिकॅम तर उपलब्ध होतेच! पशुपालकाला दोष देणे सोपे आहे. त्याला कुपी विकली कोणी? केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक यांवरील बंदीही २०२३ पर्यंत रखडली. पिंजोरच्या प्रजननकेंद्रात वाढविलेली गिधाडे मोकळी सोडायची, तर भोवतालच्या औषधदुकानांची तपासणी आधी झाली पाहिजे.