शंका घेणे गुन्हा नव्हे
२५ मार्च १९३१ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यात मालगाडीतून नऊ कृष्णवर्णीय पोरांना उतरवून, दोन गोऱ्या स्त्रियांवरील बलात्काराच्या आरोपाखाली पकडले. पंधरा दिवसांत निव्वळ गोऱ्यांच्या ज्यूरीपुढे खटले उरकून आठ जणांना मृत्युदंड ठोठावला. धड वकील दिला नाही म्हणून १९३२ साली आणि ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना वगळले म्हणून १९३५ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केल्या. शेवटच्या तिघांना राज्याने माफी दिली ती २०१३ साली, मरणोत्तर!

अशा राज्याच्या कायद्यावर आजही शंका घ्यावी काय? घ्यावी. रूळ तुटला होता तिथे आम्ही कॉशन ऑर्डर लावतो. गाडी बंद करत नाही, सावकाश नेतो, रूळ तपासतो. तसेच वकील कोण, ज्यूरीत कोण, हे प्रत्येक खटल्यात विचारलेच पाहिजे.