ऐंशी सेकंदांचा उशीर



व्याख्यानमालेसाठी मला बोलावले तेव्हा चिटणीसांच्या मनात मधुमेह होता. मी म्हटले, बोलतो, डॉक्टरवरच बोलतो. पण हा डॉक्टर लंडनचा आहे आणि त्याने कधी कोणाची नाडी पाहिल्याचे ऐकिवात नाही. चिटणीस सज्जन आहेत, त्यांनी पुढे काही विचारले नाही.

आज तुमच्यापुढे मांडायचा आहे तो बी.बी.सी. दूरचित्रवाणीचा एक दिवस : शनिवार, २३ नोव्हेंबर १९६३. मी तेव्हा पाळण्यात होतो आणि बेळगावात दूरचित्रवाणी म्हणजे काय हे कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. इंग्लंडमध्येही चित्र काळे-पांढरे आणि वाहिन्या दोनच, एक बी.बी.सी.ची आणि दुसरी जाहिरातींवर चालणारी आय.टी.व्ही. आपली दुसरी वाहिनी बी.बी.सी.ने १९६४च्या एप्रिलमध्ये सुरू केली. म्हणजे संध्याकाळी जे लागेल ते निम्मा देश एकत्र बसून पाही. हे ध्यानात ठेवा, नाहीतर पुढच्या गोष्टीचे वजन कळणार नाही.

शनिवार कळायचा तर शुक्रवारपासून सुरुवात करावी लागेल. डल्लासमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा लंडनच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. सातनंतर बी.बी.सी.ने पहिली बातमी दिली आणि साडेसातच्या सुमारास मृत्यूची. नेमक्या त्याच रात्री दूरचित्रवाणीच्या क्षेत्रातली पुष्कळ बडी मंडळी डॉर्चेस्टर हॉटेलात वार्षिक मेजवानीला जमली होती. पडद्यावर काही वेळ बी.बी.सी.चा फिरणारा पृथ्वीगोल दिसत राहिला. आणि मग काय लागले? हॅरी वर्थ या विनोदवीराचा ठरलेला कार्यक्रम. त्याच्यामागून ‘डॉ. फिनलेज केसबुक’, स्कॉटलंडमधल्या एका खेडेगावच्या डॉक्टरची मालिका. ही पात्रे ए. जे. क्रोनिन यांची. ते स्वतः डॉक्टर होते आणि त्यांच्या ‘द सिटाडेल’वरूनच आपल्याकडे ‘तेरे मेरे सपने’ हा चित्रपट निघाला. मालिका चांगलीच होती. पण त्या रात्री लोक संतापले, तक्रारींच्या दूरध्वनींनी कार्यालय हैराण झाले. पंतप्रधान डग्लस-होम आणि विरोधी पक्षनेते विल्सन यांच्या श्रद्धांजल्या नंतर झाल्याच, पण विनोदी कार्यक्रम लोकांच्या डोक्यातून गेला नाही.

लोक कशाला रागावले, हे मला माझ्याच एका चुकीमुळे कळते. प्रॅक्टिसची पहिली वर्षे. एका घरी म्हातारे गृहस्थ गेल्याचे मी सांगितले, बॅग बंद केली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. दवाखान्यात दोन पेशंट थांबले होते, एवढेच. त्यांच्या थोरल्या मुलाने ते पाहिले. त्या घरातून मला पुन्हा कधी बोलावणे आले नाही, आणि माझी तक्रारही नाही. शुक्रवारी रात्री बी.बी.सी.ने तेच केले. वाईट काही दाखवले नाही. फक्त घड्याळाकडे पाहिले.

आता शनिवार. दुपारभर खेळांचा ‘ग्रँडस्टँड’. त्यानंतर सव्वापाचला मुलांसाठी एक नवी मालिका सुरू व्हायची होती, ‘डॉक्टर हू’. ती थांबवली नाही. सुरू झाली ती ऐंशी सेकंद उशिरा, पाच वाजून सोळा मिनिटे वीस सेकंदांनी. भंगाराच्या आवारात उभी पोलिसांची निळी पेटी, तिच्यात शिरणारे दोन शाळामास्तर, आत भलेमोठे यान, एक तिरसट आजोबा आणि त्यांची नात. आजोबा म्हणजे विल्यम हार्टनेल. तो भाग मी साठीच्या उंबरठ्यावर संगणकावर पाहिला. आज त्यातले नेपथ्य पुठ्ठ्याचे वाटते, पण सुरुवातीचे संगीत अजून अंगावर काटा आणते. रॉन ग्रेनर यांची ही चाल डेलिया डर्बिशर यांनी वाद्ये न घेता ध्वनिफितीचे तुकडे कापून, जोडून घडवली होती.

ही मालिका कोणी उभी केली ते पाहा. निर्माती व्हेरिटी लँबर्ट, वय सत्तावीस. दिग्दर्शक वारिस हुसेन, चोविशीतला, जन्म लखनौचा. त्यांच्या आई म्हणजे ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ लिहिणाऱ्या अतिया होसेन. त्या काळच्या बी.बी.सी.त एक तरुण बाई आणि एक हिंदुस्थानी तरुण! पहिला प्रयत्न वरिष्ठ सिडनी न्यूमन यांना पसंत पडला नाही, म्हणून सगळा भाग पुन्हा चित्रित करावा लागला होता. इतक्या खटपटीनंतर प्रक्षेपणाचा मुहूर्त लागला तो असा.

रात्री उशिरा ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’. डेव्हिड फ्रॉस्ट आणि मंडळी दर आठवड्याला राजकारण्यांची टर उडवत. त्या रात्री टर नव्हती. सुमारे वीस मिनिटांचा साधा श्रद्धांजलीचा कार्यक्रम त्यांनी एका दिवसात बसवला. तो अमेरिकेतही दाखवला गेला. काल ज्यांनी हसू थांबवले नाही त्याच संस्थेत, आज ज्यांचा धंदाच हसवण्याचा त्यांनी ते थांबवले. आणि मुलांचे मात्र चालू ठेवले. मला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो. आमच्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवण. आजी गेली त्या दिवशीही कोणीतरी उठून आम्हा पोरांची ताटे वेळेत वाढली होती. मोठी माणसे उपाशी होती.

याची उलट बाजूही आम्ही अनुभवली. ३१ ऑक्टोबर १९८४. मी होमिओपॅथीचा विद्यार्थी. इंदिराजी गेल्याची बातमी बी.बी.सी.ने कितीतरी आधी सांगितली आणि आपली आकाशवाणी संध्याकाळपर्यंत गप्प. त्यानंतर दिवसच्या दिवस करुण वाद्यसंगीत. आधी सांगायचे नाही, मग दुसरे काही लावायचे नाही.

पहिला भाग सुमारे ४४ लाख लोकांनी पाहिला. त्या संध्याकाळी काही भागांत वीजही गेली होती आणि पुष्कळांचे लक्ष डल्लासकडे होते. म्हणून पुढच्या शनिवारी, ३० नोव्हेंबरला, दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवला. या वेळी बघणारे साठ लाखांच्या घरात होते.

आता तुमचे प्रश्न. मधुमेहावरचे असले तरी चालतील.