‘सरपास’ म्हणजे काय?

(कोल्हापूर येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपण ज्या आदिवासी मुलांच्या शिक्षणाला हातभार लावता, त्यांतील कितीतरी मुले घरी वारली, कातकरी किंवा भिली बोलतात. मराठी ही त्यांची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. त्यामुळे इंग्रजी शब्दाचा जो मराठी अर्थ आपण त्यांना सांगू, तोच त्यांच्या मनात पक्का बसतो. आज अशा एकाच क्रियापदाविषयी बोलतो : ‘सरपास’.

हा शब्द फ्रेंचमधून आला. ‘सर’ म्हणजे वर किंवा पलीकडे, ‘पास’ म्हणजे जाणे. मराठीत आपण ‘भावापेक्षा पुढे गेली’ म्हणतो, म्हणून मुले या क्रियापदापुढे ‘दॅन’ जोडतात. ते चूक आहे. ‘भावाला मागे टाकले’ अशी रचना डोळ्यांपुढे ठेवावी, म्हणजे ‘दॅन’ आपोआप गळते. ‘एक्सीड’ हे बहुधा ठरलेल्या मर्यादेविषयी येते : वेग, वजन, खर्च. ‘एक्सेल’ला तर समोर दुसरा माणूसही लागत नाही. मुलगी गणितात ‘एक्सेल’ करते, म्हणजे तिचे गणित उत्तम आहे, एवढेच.

पण ‘सरपास’चा अर्थ ‘मागे टाकणे’ एवढाच सांगून थांबलो, तर मूल शेजारच्या बाकाकडेच पाहत राहील. इंग्रजीत माणूस अपेक्षांना ‘सरपास’ करतो आणि स्वतःलाही करतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात पौल बुद्धीपलीकडच्या शांतीविषयी लिहितो. काही इंग्रजी भाषांतरांत तिथे हेच क्रियापद आहे. त्या शांतीने कोणाला हरवलेले नाही.

आपल्या कोल्हापूरचे उदाहरण घ्या. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला ते वरच्या, बँटमवेट गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. चार वर्षांपूर्वीच्या खाशाबांना त्यांनी मागे टाकले होते. त्या प्रवासासाठी कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते.

म्हणून शिकवणी घेणाऱ्या बंधुभगिनींना एक विनंती आहे. हा शब्द शिकवताना वहीत दोन वाक्ये लिहून घ्या. एकात मुलाने दुसऱ्याला मागे टाकलेले असू द्या. दुसऱ्यात गेल्या परीक्षेतल्या स्वतःला. वर्गात पहिला येणारा एकच असतो, पण दुसरे वाक्य प्रत्येक मुलाला खरे करून दाखवता येते. आणि त्याच्यामागे खर्डीकर सरांसारखे उभे राहणे आपल्याला जमते.