विजयाची मर्यादा, पराभवाची प्रतिष्ठा

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त लखनौमधील अमीनाबाद येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



हीरक महोत्सवात शाळेच्या यशाचा हिशेब मांडला जातो, आणि तो मांडलाही पाहिजे. कपाटातील ढाली व करंडक त्या हिशेबात आपोआप येतात. मी आज बोलणार आहे ते त्या कपाटात न मावणाऱ्या एका प्रश्नाविषयी. ज्या सामन्यात एक बाजू फार सबळ आणि दुसरी फार दुर्बळ असते, तेथे खिलाडूवृत्तीची अपेक्षा कोणाकडून करावी?

लखनौकरांना एकतर्फी विजय अपरिचित नाहीत. ज्यांच्या नावाचे स्टेडियम या शहरात आहे, त्या कुंवर दिग्विजयसिंह ‘बाबू’ यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील हॉकीच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ असे हरवले. त्याआधी वीस वर्षे, लॉस एंजेलिस येथे, झाशीचे ध्यानचंद ज्या संघातून खेळले त्या भारतीय संघाने अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळवला होता. हे आकडे आपण अभिमानाने सांगतो आणि त्यात गैर काही नाही. ते प्रौढांचे सामने होते. आपल्यासमोर कोण उभे आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. शालेय मैदानावर मात्र दोन्ही बाजूंना मुले असतात. तेथे त्याच आकड्याचा अर्थ बदलतो.

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण सर्वपरिचित आहे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथे भंडारी चषक आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. ए. ई. जे. कॉलिन्स या इंग्लिश शाळकरी मुलाचा नाबाद ६२८ धावांचा, १८९९ पासून अबाधित असलेला विक्रम मागे पडला. शाळेने ३ बाद १४६५ धावांवर डाव घोषित केला. आर्य गुरुकुल शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. एक डाव आणि १३८२ धावा, असा निकाल लागला.

रिक्षा चालवणाऱ्या पित्याचा हा मुलगा एका रात्रीत देशभर पोहोचला. त्याच्या पराक्रमाला उणेपणा आणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. फलंदाजाने फलंदाजी करावी, हाच त्याचा धर्म. परंतु समोरच्या संघात बरीच मुले वयाने लहान होती, असे तेव्हाच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. उन्हात चेंडूमागे धावणाऱ्या त्या मुलांपैकी एकाचेही नाव आज आपल्याला आठवत नाही. प्रणवच्या वाट्यालाही केवळ कौतुक आले नाही. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे कामगिरी अपेक्षेप्रमाणे होईना, तेव्हा २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनीच ती थांबवावी, असे कळवले. चार आकडी धावसंख्येचे ओझे एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर किती जड होत असेल, याचा विचार आपण टाळ्या वाजवताना केला होता काय?

म्हणून माझे म्हणणे असे की, अशा निकालाची जबाबदारी मुलांवर टाकता येत नाही. स्पर्धेच्या गटवाऱ्या मोठी माणसे ठरवतात, कोणता संघ कोणासमोर उतरवायचा हे मोठी माणसे ठरवतात आणि डाव केव्हा थांबवायचा हेही तीच सांगू शकतात.

फुटबॉलमध्ये डाव घोषित करण्याची सोय नाही. शिट्टी वाजेपर्यंत खेळावेच लागते. ११ एप्रिल २००१ रोजी विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआ या चिमुकल्या बेटाच्या संघावर ३१-० असा विजय मिळवला. एकट्या आर्ची थॉम्पसनने १३ गोल केले. पारपत्रांच्या अडचणींमुळे सामोआचे अनुभवी खेळाडू येऊ शकले नव्हते. त्यांच्या जागी शाळकरी वयाची मुलेही उतरवावी लागली होती. पुढे ओशियानिया विभागात दुर्बळ संघांसाठी प्राथमिक फेरी आली. दोष खेळाडूंचा नव्हता, रचनेचा होता, हे त्यातून मान्य झाले. त्या दिवशी ३१ गोल स्वीकारणारा गोलरक्षक निकी सालापू खेळत राहिला. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ असे हरवले, तेव्हा गोलपाशी तोच उभा होता. पराभवाची प्रतिष्ठा म्हणतात ती ही.

परंतु खिलाडूवृत्तीचे कर्तव्य फक्त जिंकणाऱ्याचे नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी सामन्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांच्या ४५२ धावांच्या तेव्हाच्या विश्वविक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी होत्या. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली होती. तेवढ्यात काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला आणि संघ मैदानात परतलाच नाही. निंबाळकरांच्या वाट्याला पुढे एकही अधिकृत कसोटी आली नाही आणि त्या नऊ धावाही कायमच्या राहून गेल्या. सबळाने थांबणे जसे शोभते, तसे दुर्बळाने शेवटपर्यंत उभे राहणेही शोभते.

मग मर्यादा कोठे आखावी? आपल्या मातीतल्या कुस्तीने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. पाठ टेकली की कुस्ती संपली. चितपट झालेल्याला पुन्हा पुन्हा आपटण्यास तेथे जागाच नाही. ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइल कुस्तीतही दहा गुणांची आघाडी झाली की लढत थांबते. अमेरिकेतील अनेक राज्यांत शालेय फुटबॉलचा सामना फारच एकतर्फी झाला, तर उत्तरार्धात घड्याळ न थांबवता चालू ठेवतात. सामना लवकर संपतो, पण कोणाला सोडून जावे लागत नाही.

नियम नसेल तेथे शिक्षकांनी विवेक वापरावा. आघाडी पुरेशी झाली की राखीव मुलांना मैदानात उतरवावे. वर्षभर सराव करूनही ज्यांना संधी मिळत नाही, त्यांचा तो हक्काचा वेळ आहे. मात्र मुद्दाम चुकीचे खेळण्यास कोणीही सांगू नये. समोरच्याला खोटा गोल बहाल करणे ही दया झाली, आणि मैदानावर दया अपमानासारखी लागते. प्रतिस्पर्ध्याशी प्रामाणिकपणे खेळणे हाच त्याचा खरा सन्मान होय.

पालकहो, आपणांस एक विनंती आहे. पाल्य सामना खेळून घरी येते तेव्हा “किती गोल झाले?” हा प्रश्न थोडा मागे ठेवावा. समोरचा संघ कसा खेळला, त्यांच्यातला कोण आवडला, हे आधी विचारावे. ज्या मुलाला प्रतिस्पर्ध्याचे नाव ठाऊक आहे, ते त्याला तुच्छ लेखणार नाही.

माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यापैकी कित्येक जण आज स्पर्धांचे आयोजन करतात, देणग्या देतात, परीक्षकांच्या आसनावर बसतात. एखाद्या स्पर्धेच्या नियमपत्रिकेत एकतर्फी सामन्याविषयी दोन ओळी घालून घेणे आपल्या हाती आहे. हीरक महोत्सवाची ती टिकाऊ भेट ठरेल.

कपाटातील ढालींवर जिंकणाऱ्यांची नावे कोरलेली असतात. हरूनही शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानात राहिलेली मुले जेथे ताठ मानेने परत येतात, ती शाळा मोठी. आपली शाळा तशी राहो, हीच या प्रसंगी सदिच्छा.