औषधांचे हिशेबनीस आणि त्यांची परिषद



आज मी ज्या परिषदांविषयीं बोलणार आहें, त्यांचीं नांवें आपणांपैकीं फारच थोड्यांच्या कानांवर गेलीं असतील. औषध शोधून काढणारे शास्त्रज्ञ आपणांस ऐकून ठाऊक असतात, औषध देणारे डॉक्टर तर घरचेच. परंतु या दोहोंच्या मध्यें एक तिसरा वर्ग बसलेला असतो, आणि त्याची रोग्याशीं गांठ कधींच पडत नाहीं. नवें औषध प्रथम शेंकडों, कधीं हजारों माणसांस देऊन पाहतात. प्रत्येक भेटीच्या वेळीं त्यांचा रक्तदाब, रक्ताची तपासणी, झालेले त्रास हें सर्व टिपून ठेवतात. हीं टिपणें एकत्र करून त्यांचीं कोष्टकें बनविण्यासाठीं संगणकास ज्या आज्ञा लिहून द्याव्या लागतात, त्या लिहिणारा हा वर्ग. त्यांस प्रोग्रॅमर म्हणतात. मी आपला त्यांस औषधांचे हिशेबनीस म्हणतों. औषधास परवानगी देणारा सरकारी अधिकारी रोग्याला पाहत नाहीं, तो हीं कोष्टकें पाहतो.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आणि माझा जन्म मराठी शाळेंत मुलांना बेरजा शिकविण्यांत गेला. तेव्हां या विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय, असें कोणी विचारील. अधिकार एवढाच, कीं माझी सून पुण्यांतील एका कार्यालयांत हेंच काम करते. पुणें, मुंबई, हैदराबाद, बंगळूर येथें अशीं कार्यालयें पुष्कळ आहेत, व परदेशांत विकल्या जाणाऱ्या कितीतरी औषधांचीं कोष्टकें तेथें तयार होतात. गेल्या हिवाळ्यांत ती एका परिषदेस निबंध धाडण्यासाठीं अर्ज भरीत बसली होती. अर्जांत एक रकाना होता: निबंध कोणत्या विभागांत वाचणार? तेथें तिचा हात थांबला, आणि त्या रकान्यापायींच मला या विषयाची गोडी लागली.

अमेरिकेंत फार्मासग नांवाची अशी परिषद दरवर्षीं निरनिराळ्या शहरीं भरते. २०२५ सालीं ती जून महिन्यांत सॅन डिएगो येथें भरली होती. युरोपांत फ्यूज नांवाची संस्था २००४ सालीं निघाली व पुढच्याच वर्षीं हायडेलबर्ग येथें तिची पहिली परिषद झाली. अशा परिषदेंत एकाच वेळीं अनेक दालनांतून निबंध वाचले जातात, आणि श्रोत्यानें आपल्याला हवें तें दालन धरावयाचें असतें. एक विभाग संख्याशास्त्राचा, एक आलेख व चित्रांचा, एक सरकारांत दाखल करावयाच्या कागदांचा, एक आज्ञालेखनांतील कठीण प्रश्नांचा. माणसें कशीं सांभाळावीं याचाही एक विभाग असतो. तो आमच्या शाळांतून असता तर बरें झालें असतें! अलीकडे कृत्रिम बुद्धीचाही विभाग आला आहे. आणि यांतच एक विभाग आंकड्यांच्या नियमबद्ध मांडणीचा असतो. नांव ऐकून जांभई यावी असाच तो आहे. मलाही प्रथम आलीच.

पण त्याचें प्रयोजन पाहा. आपल्याकडे रक्तांतील साखर १२६ लिहितात, तीच इंग्लंडांतला डॉक्टर ७ लिहितो. मापें निराळीं, साखर तितकीच. एका इस्पितळांत पुरुषाबद्दल १ लिहितात, दुसऱ्यांत तोच १ स्त्रीबद्दल. प्रत्येक कारखाना आपापल्या रीतीनें मांडूं लागला, तर तपासणाऱ्याचें आयुष्य खुणा उलगडण्यांतच जावयाचें. म्हणून १९९७ सालीं सीडिस्क नांवाची मंडळी जमली व कोणती माहिती कोणत्या तक्त्यांत, कोणत्या नांवाच्या रकान्यांत मांडावी याचे नियम तिनें बांधावयास घेतले. १७ डिसेंबर २०१६ नंतर आरंभ झालेल्या अभ्यासांचे आंकडे अशाच ठराविक मांडणींत दिले पाहिजेत, असें अमेरिकन सरकारनें नव्या औषधांच्या अर्जांना बंधन घातलें. ते ज्या फायलींतून धाडावयाचे, ती रीत गेल्या शतकांतली. तींत रकान्याचें नांव आठ अक्षरांहून मोठें चालत नाहीं, व त्याचा खुलासा चाळीस अक्षरांत उरकावा लागतो. तारेच्या मजकुराची काटकसर आठवणाऱ्यांस यांत नवल वाटूं नये.

सुनेचा निबंध अपुऱ्या तारखांवर होता. या प्रश्नानें मला अक्षरशः दोन रात्री झोंप येऊं दिली नाहीं, म्हणून तो थोडा विस्तारानें सांगतों. समजा, एका रोग्यास औषधाची पहिली मात्रा १२ सप्टेंबर २०२४ रोजीं दिली. पुढें तो सांगतो, "गणपतींत कधींतरी डोकें दुखूं लागलें." त्या सालीं गणपती सातपासून सतरा सप्टेंबरपर्यंत होते. डॉक्टरनें तारखेच्या जागीं नुसतें वर्ष व महिना लिहिला. आतां हें दुखणें औषधाच्या अगोदरचें कीं नंतरचें? अगोदरचें धरलें तर तें रोग्याचें, नंतरचें धरलें तर तें औषधाच्या खात्यावर. नियम असा, कीं मूळ नोंदींत जेवढें ठाऊक तेवढेंच ठेवावयाचें, दिवसाची जागा रिकामी सोडावयाची. पुढें हिशेबासाठीं पुरी तारीख लागतेच; ती धरण्याची रीत निकाल पाहण्यापूर्वीं लिहून ठेवावयाची, व संशय असेल तेथें बहुधा औषधाविरुद्ध धरावयाचें. आणि धरलेल्या दिवसाशेजारीं एका रकान्यांत एक अक्षर लिहावयाचें, ज्यावरून तपासणाऱ्यास कळावें कीं हा दिवस रोग्यानें सांगितलेला नाहीं, आम्हीं धरलेला आहे. महिनाही धरला असेल तर अक्षर निराळें.

एका अक्षराची ही प्रामाणिकता मला फार मोठी वाटली. आमच्या हजेरीबुकांत अशा खुणेची सोय असती, तर कितीतरी मास्तरांची तारांबळ चुकली असती.

निबंधाचा दुसरा भाग तपासणीचा होता. महत्त्वाचें कोष्टक दोघे निरनिराळे करतात. दोघांपुढें लेखी योजना एकच. पण दुसऱ्यानें पहिल्याच्या आज्ञा पाहावयाच्या नाहींत. शेवटीं दोन्ही उत्तरें संगणकाकडून ताडून घेतात. मीं विचारलें, "इतका खर्च कशाला? दुसऱ्यानें पहिल्याचें नुसतें वाचून पाहिलें तर?" ती म्हणाली, "बाबा, वाचतांना आपण दुसऱ्याच्याच डोळ्यांनीं पाहूं लागतों."

मी गप्प बसलों, कारण मला १९८८ सालची वार्षिक परीक्षा आठवली. सातवीचे गुण उत्तरपत्रिकांवरून नोंदवहींत एका वडील सहकाऱ्यांनीं उतरविले होते, व ताडून पाहण्याचें काम माझें होतें. त्यांचें अक्षर मोत्यासारखें आणि ख्याति बिनचूक. मीं उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडलाच नाहीं. नोंदवहीवरून नजर फिरविली व सही केली. एका मुलाचे गणिताचे ६१ गुण १६ म्हणून पडले होते. पुढें दिवाळींत कपाट आवरतांना गठ्ठा सुटला, तेव्हां चूक उमगली. तोंवर मुलगा शाळा सोडून गेला होता. मी त्याच्या घरीं गेलों. बापानें पाणी दिलें, राग केला नाहीं. मुलगा परत आला नाहीं तो नाहींच. नोंदवहींत सही माझी आहे.

अर्थात् दोघांच्या हिशेबानेंही सर्वच साधतें असें नव्हे. योजनेंतलें वाक्यच संदिग्ध असलें तर दोघेही तें एकाच रीतीनें चुकीचें वाचतील, आणि उत्तरें मात्र तंतोतंत जुळतील. सून म्हणते, अशी जुळणी पाहिली कीं तिला अधिक भीति वाटते.

आतां त्या रकान्याकडे वळूं. कार्यालयांतील एका हितचिंतकानें तिला सुचविलें होतें, कीं निबंधाच्या नांवांत कृत्रिम बुद्धि घाल. त्या विभागाकडे सध्यां सर्वांचे कान आहेत. एक लहानसें काम तिनें तशा यंत्राकडून करवून घेतलेंही होतें, म्हणजे शुद्ध खोटें असें त्यांत कांहीं नव्हतें. मला त्या यंत्राचें वावडें नाहीं. या धंद्यांत नवें येतेंच: वर्षानुवर्षें सॅस या साधनावर चालत आलेलीं कोष्टकें दुसऱ्या, फुकट मिळणाऱ्या आर या साधनानें करून २०२१ सालीं प्रयोगादाखल अमेरिकन सरकारकडे धाडण्यांत आलीं, व तीं तेथें तपासलीं गेलीं. परंतु यंत्रानें लिहिलेल्या आज्ञांवर सही कोणाची, हा प्रश्न मला पडतो. आणि नजर फिरवून सही करण्याचा मोह तेथें माझ्या नोंदवहीहून मोठा असेल, अशी मला शंका आहे.

मीं एवढेंच विचारलें, "सूनबाई, तुझा निबंध कशाविषयीं आहे?"

"अपुऱ्या तारखांविषयीं, बाबा."

तिनें रकान्यांत आंकड्यांच्या मांडणीचा विभाग लिहिला. मग निबंधाचा गोषवारा माझ्यापुढें ठेवून म्हणाली, "इंग्रजीचें राहूं द्या, आंकडे तेवढे ताडून पाहा." मीं तिच्याकडून मूळ तक्ते मागून घेतले. सगळें ताडावयास दीड तास लागला. एके ठिकाणीं सप्टेंबरचे दिवस एकतीस धरले गेले होते. तेवढें तिनें दुरुस्त केलें व अर्ज धाडला.